अक्कानं उसवलेला घेर

त्या बोलपटातला राजा घोड्यावरनं उतरतो, पायऱ्या चढतो आणि सिंहासनापाशी आला की गर्रकन वळतो. तेवढ्या वळण्यात त्याच्या अंगरख्याचा घेर असा काय फुलायचा, की थेटरात माणसं शिट्ट्या मारायची. राजाचं नाव झालं. घोड्याचंबी झालं. घेराचं कुणी इचारलं न्हाय, आणि इचारणार तरी कशाला? म्हणून मीच सांगते. तो घेर माझ्या थोरल्या जावेनं शिवला. एकदा न्हाय, दोनदा. मधी एकदा तिनं तो सगळा उसवला, भर रस्त्यावर बसून. आणि ज्याला वाटतंय की बाई रागाच्या भरात नासधूस करत बसली, त्यानं जरा गप बसून ऐकावं.

आमचं घर शिवाजी पेठेत, तालमीच्या बोळात. शिंप्याचं घर. म्होरं दुकान आणि मागं ऱ्हायचं. दुकानात गडीमाणसं बसायची, म्हणजे माझं सासरं तात्या आणि आमचं मालक. कापणं तात्यांचं, मिशन मालकांची. आणि हातशिलाई? ती मागल्या सोप्यात, खिडकीपाशी. तिथं धोंडुबाई बसायची, माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायची. जोतीरामभावजी, म्हणजे तात्यांचा थोरला ल्योक, अक्काचा नवरा. लगीन झाल्यावर तीन वर्सांत टायफाईडनं गेला. पदरात पोर न्हाय, कपाळावर कुंकू न्हाय, आणि माहेरी जायाला सांगितलं तर म्हणली, "मी हितं भांडी घासाया आले न्हवते, सुई धराया आलेली. सुई मेली न्हाय की अजून." आणि ऱ्हायली. अशी बाई.

त्या वक्ताला, एक्कावन-बावन साल असंल, कोल्हापुरात बोलपटाच्या कंपन्या जोरात हुत्या. त्यातल्या एका कंपनीचं ऐतिहासिक कपड्याचं काम आमच्याकडं. मावळ्यांचं कपडं मिशनवर धडाधडा निघायचं. पण राजाचा अंगरखा हातानंच पुरा करायचा, हे तात्यांचं म्हणणं. तात्या लई कडक. कापड तिरकं कापलं तर पोटच्या पोरालाबी कात्री फेकून मारतील असा माणूस. दोरा कोपराएवढाच घ्यायचा, त्याच्यापेक्षा लांब घेतला तर बोंब मारायचे, "गाठ पडती, आळशी कुठली! पुन्यांदा सुई ओवाया नको म्हणून लांब घेतीस व्हय?" ही बोंब मी रोज ऐकायची. अक्कानं एकदाबी ऐकली न्हाय.

आता ह्या हातशिलाईला काय लागतंय ते सांगून कळायचं न्हाय, तरी सांगते. कापड तलम, पांढरंशुभ्र. घेर एवढा, की अंथरला तर आमचा सोपा भरायचा. त्याचा काठ चिमटीत वळायचा, सुईवर कापडाचा एकच धागा घ्यायचा आणि दोरा ओढायचा न्हाय, नुसता बसवायचा. ओढला की कापड आक्रसतं, आक्रसलं की घेर फुलत न्हाय. वरनं टाका दिसला तर तो टाका न्हवंच, डाग म्हणायचा. तुरपाई झाली की काठावर जरीचा गोट. जरीतनं सुई घातली की जरी फुटती, म्हणून तार वर ठिवायची आणि बारीक रेशमाच्या टाक्यानं तिला बांधत बांधत जायाचं. हाताला घाम आला की जरी काळी पडती. मग घडीघडीला हात पुसायचं, शंखजिऱ्याची पूड लावायची, पुन्यांदा सुई धरायची. खिडकीत ऊन आलं की अक्का बसायची आणि ऊन भितीवर चढलं की उठायची. "कंदिलाच्या उजेडात जरी खोटं बोलती," म्हणायची.

दिवाळीत तिनं त्या अंगरख्याला सुई लावली आणि शिमगा आला तरी तिचं चाललंच हुतं. मान वाकडी झालेली. डाव्या बोटाचं टोक किसणीगत खरखरीत झालं हुतं. माझी धाकटी तवा तान्ही. अक्काचा तिच्यावर लई जीव, पण गालाला हात म्हणून लावायची न्हाय. ओरखडा उठंल म्हणायची. हाताच्या उलट्या बाजूनं तेवढी गोंजारायची.

कंपनीचे हंबीरराव अधनंमधनं काम बघाया यायचे. कपडेपट सगळा त्यांच्याकडं. माणूस वाईट न्हवता, घाईचा हुता. एकदा म्हणाले, "धोंडुवैनी, अवो कॅमेऱ्याला आतली बाजू दिसत न्हाय की. मागनं जरा मोठं टाकं घाला, कोण बघतंय?"

अक्का वर न बघता म्हणली, "मग राजालाबी म्होरनं अर्धाच न्या. पाठ हितं ठिवा आमच्यात, लोणच्याच्या बरणीपशी."

हंबीरराव हसत गेले. मी पदर तोंडाला लावून हसले.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते. तिच्यापायीच हे सगळं झालं. शुभकार्याचं कापड, मग ते लग्नाचं असू दे, बारशाचं असू दे, न्हायतर बोलपटातल्या राज्याभिषेकाचं असू दे, त्याचा शेवटचा टाका सवाशिणीनं घालायचा. अक्कानं सगळं शिवायचं आणि एक टाका ठिवून, सुई तशीच लोंबती सोडून, बाजूला उठून जायाचं. मग सवाशिणीनं न्हाऊनधुऊन यायचं, तो एक टाका घालायचा, आतल्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावायचं, आणि खण-नारळ तिनं घ्यायचा.

ही रीत काय वाडवडलांची न्हवती. तात्यांनीच काढलेली. जोतीरामभावजींच्या लग्नाला नवऱ्यामुलाचा सदरा तात्यांच्या भनीनं शिवला हुता, झुंबरआत्यानं. ती इधवा. शेवटचा टाका तिनंच घातला. आणि तीन वर्सांत पोरगा गेला. तात्यांनी डोक्यात घेतलं की तो टाकाच भोवला. भनीला शिरोळला पाठवून दिली, ती परत कधी आली न्हाय. तिथंच मेली. आणि घरात ही रीत लागली.

माझी सासू होती तवर तो टाका तीच घालायची. अक्का तिच्यापुढं गप बसायची. सासूला सुईचं वळण हुतं, आणि मायाबी हुती. खण-नारळातलं खोबरं ती पयलं अक्काला द्यायची. पण सासू भादव्यात गेली. आणि घरात सवाशीण उरली कोण? मी! जिला गुंडी लावाया दिली तर काज सोडून दुसरीकडंच लावणार, ती मी.

गुढीपाडव्याला कंपनीत राज्याभिषेकाच्या प्रवेशाचा मुहूर्त धरला हुता. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तात्या सोप्यात आले. अक्काचा गोट शेवटच्या वितीवर आला हुता. तात्या तिच्याकडं न बघता मला म्हणाले, "बायडे, आज ही पुरं करंल. उद्या पहाटे न्हाऊन घे. टाका तू घालायचा. नारळ आणलाय." आणि मावळ्यांच्या कपड्यांची गठुडी घेऊन ते आणि मालक कंपनीत गेले.

अक्कानं सुई थांबवली. मग म्हणली, "बायडे, तुला घालायचाय का टाका?"

मी म्हणलं, "मला? अक्का, माझा टाका तू बघितलास न्हवं? म्हशीनं सुई धरली तर असाच घालंल. आणि येत असतं तरी घातला नसता. शिमग्यापतोर मान तू मोडून घेतलीस आणि नारळ मी फोडून खाऊ? माझ्या घशाखाली उतरंल व्हय तो?"

"मग झालं," ती म्हणली. "मला आजवर लोकांनी काय काय म्हणलं. पांढऱ्या कपाळाची म्हणलं, अवदसा म्हणलं. ते मी ऐकून घेतलं. पण माझ्या कामापासनं मला सुई लोंबती सोडून उठाया सांगू नये. शेवटचा टाका माझा न्हाय ना? मग पयलाबी माझा न्हाय."

अंगरखा उचलला तिनं आणि निघाली. मला वाटलं परसात चालली. ती गेली म्होरं, दुकानाच्या कट्ट्यावर. आमच्या घरातली बाई त्या कट्ट्यावर कधी बसली न्हवती. झाडायला म्हणून सुदिक गड्यांच्या आधी उठून जायाचं. ही मांडी घालून बसली, घेर मांडीवर घेतला, ब्लेडचं टोक चिमटीत धरलं आणि गोटाचा पयला टाका कापला.

खरं सांगते, थांबव म्हणून माझं तोंड उघडलं न्हाय. मी आत गेले, पोरीला पाळण्यात टाकली, एक पुठ्ठा घेतला आणि तिच्याशेजारी कट्ट्यावर जाऊन बसले. ती टाका कापायची आणि मोकळी झालेली जरी मी पुठ्ठ्यावर गुंडाळायची.

नासधूस न्हवती ती, हेच मी मघाधरनं सांगतेय. ओढून, फाडून, हिसडून न्हाय. एकेक टाका ब्लेडच्या टोकानं उचलायचा, तोडायचा, दोरा अलगद काढायचा. कापडाला कुठं भोक न्हाय, जरीला कुठं मोड न्हाय. शिवाया जेवढा जीव लागला तेवढाच उसवायलाबी. तालमीतली पोरं अंगाला माती तशीच घिऊन दारात उभी ऱ्हायली. समोरची बाळाबाई आपल्या दारातनं वरडली, "अगं धोंडुबाई, येड लागलं का तुला?"

"न्हाय गं," अक्का म्हणली. "आजवर लागलं हुतं, आज उतारा पडला."

तिनीसांजेला तात्या आणि मालक आले. बोळाच्या तोंडालाच त्यांना गर्दी दिसली. तात्या माणसं ढकलत आले आणि बघतात तर काय, घेर मोकळा. कच्चा काठ लोंबतोय.

"धोंडे! डोकं फिरलं का तुझं?"

"डोकं जाग्यावर हाय, तात्या. टाकं तेवढं काढलं. माझा टाका तुमच्या घराला अशुभ हाय न्हवं? मग शेवटचा एकटाच कसा अशुभ? सगळंच अशुभ हुतं. काढून टाकलं. घ्या, सोवळा झाला अंगरखा. आता बोलवा सवाशिणीला आणि घाला पयल्यापासनं."

मालकांना काय सुचलं कुणास ठाऊक, म्हणाले, "तात्या, मी मिशनवर मारून टाकतो. रातीत हुईल."

"मिशनचं नाव काढलंस तर हात तोडीन!" तात्या त्यांच्यावरच उखडले. मला त्या गडबडीतबी हसू आलं. म्हाताऱ्याला सवाशीण पायजे हुती, पण टाका अक्काचाच पायजे हुता.

दुसऱ्या दिवशी पेठेत गुढ्या उभ्या ऱ्हायल्या आणि आमच्या दारात हंबीरराव उभे ऱ्हायले. डोक्याला हात लावून म्हणाले, "तात्या, बुडवलंसा मला! आज मी दुसरा प्रवेश घेतो कसातरी. पण अक्षय तृतीयेला अंगरखा न्हाय मिळाला तर तुमचं माझं संपलं. सगळं काम दुसऱ्याला दीन." आणि गेले. चहाला सुदिक थांबले न्हाईत.

तात्यांनी मग काय करावं? स्वतः सुई घेतली. चष्मा नाकावर, घेर मांडीवर. त्यांच्या कापण्याला आख्ख्या कोल्हापुरात तोड न्हवती, पण डोळं कवाच गेलतं आणि बोटं थरथरायची. दुपारपतोर वीतभर तुरपाई केली. उजेडात धरून बघितली आणि स्वतःच उसवून टाकली. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. भाकरी वाढली तर ताट बाजूला सारलं. मग अक्काला हाक मारली.

"काय पायजे तुला, धोंडे?"

"शेवटचा टाका."

"दुसरं काय बी माग. तो न्हाय. त्या टाक्यानं माझा जोतीराम गेला."

अक्का उठली. आत गेली, आपली ट्रंक उघडली आणि एक सदरा घेऊन आली. भावजींचा लग्नातला सदरा. खांद्यावर इरलेला, काखेत फाटलेला, कॉलर उडालेली. तिनं तो तात्यांच्या मांडीवर ठिवला.

"त्यांनी हा लई वापरला. कामाला जाताना सुदिक घालायचे, मी नको म्हणलं तरी. सगळीकडनं फाटला बघा. खालचा काठ तेवढा शाबूत हाय. तो आत्यांनी हातानं घातलाय. तुमी एवढं मोठं शिंपी, डोळ्यानं नसंल दिसत तर बोटानं बघा. शेवटचा टाका कुठला, मला दावा. तेवढा मी आत्ता हितं तोडून टाकते आणि आयुष्यात पुन्यांदा मागणार न्हाय."

तात्यांनी सदऱ्याचा काठ चिमटीत धरला. बोट फिरवत फिरवत गेले, पाक वळसा घालून परत आले. पुन्यांदा फिरवलं. झुंबरआत्याचा हात तो, कुठं गाठ लागंना, कुठं सुरवात लागंना, कुठं शेवट लागंना. तिसऱ्यांदा फिरवाया लागले आणि मधीच थांबले.

"घावंना व्हय?" अक्का म्हणली. तिचा आवाज आता चिरकला. "टाक्याला कुंकू नसतंय, तात्या. माझ्या नवऱ्याला तापानं नेलं. आत्यांच्या टाक्यानं मरूस्तवर त्याचं अंग झाकलं. आणि तुमी भनीला शिरोळला धाडली. तुमचा ल्योक गेला तसा माझा नवराबी गेलाच की! मी कुणाला धाडू?"

तात्यांनी सदरा तोंडाला लावला. एवढा कडक माणूस, पण लेकरागत रडला. मालक बाहेर निघून गेले. मी पोरीला छातीशी धरून दारात उभी, मला बी रडू आवरंना. अक्का तेवढी रडली न्हाय. तिथंच उभी ऱ्हायली, उत्तर घेतल्याबिगर हलायचं न्हाय अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर म्हातारा दुकानाच्या कट्ट्यावर स्वतःच्या हातानं जाजम अंथरत हुता. जाजमावर अक्काचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान ठिवलं, शंखजिऱ्याची डबी ठिवली, आणि आत बघून म्हणाले, "हितं ऊन जास्त वेळ ऱ्हातंय. हितंच बसू दे तिला."

अक्का बसली. त्या दिवसापासनं ती कट्ट्यावरच बसली, मरूस्तवर. आधी निम्मा दिवस तिचा चुलीपाशी जायाचा; आता चूल सगळी मी घेतली, तिला उठू दिली न्हाय, म्हणून तर पाच म्हैन्यांचं काम एका म्हैन्यात झालं. पेठेतल्या बायका पाण्याला जाताना बघायच्या, नाकं मुरडायच्या. "रंडकी बाई उंबऱ्यात बसवली शिंप्यानं, सकाळी सकाळी तोंड बघाया लागतंय." अक्का म्हणायची, "तोंड नगा बघू, घेर बघा." बोलून बोलून दमल्या, आणि एकेकजण खरंच घेर बघाया थांबायला लागली.

अक्षय तृतीयेला आम्ही समदी कंपनीत गेलो. अंगरखा परातीत, घडी करून, वर एक टाका बाकी. मांडवात ही गर्दी. राजा खुर्चीवर बसलेला, मिशी लावून, वर नुसती बंडी घालून. पुजेचं ताट तयार. हंबीरराव लगबगीनं आले, अक्काच्या कपाळाकडं बघितलं, माझ्या कपाळाकडं बघितलं, आणि तात्यांना बाजूला ओढत म्हणाले, "तात्या, धाकट्या वैनींना म्होरं करा की. लोकं काय म्हणतील? मुहूर्त हाय."

तात्या बाजूला जाईनात. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काम कुणी केलंय, हंबीरराव?"

"ह्यांनी."

"मग पुरं कोण करंल? कापड मी कापलंय, मी काय सवाशीण हाय व्हय?"

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्यांनी रेशमाचं रीळ मागितलं. दोरा तोडला, ओठात धरून ओला केला आणि सुई ओवाया लागले. डोळं न्हाईत, हात हलतोय. दोरा ह्या बाजूनं जायाचा, त्या बाजूनं जायाचा. हंबीरराव घड्याळ बघायला लागले. मी म्हणलं, "द्या हिकडं, मी ओवते," तर अक्कानं माझा हात धरला. तिनंबी सुई मागितली न्हाय. म्हाताऱ्यापुढं हात पुढं करून उभी ऱ्हायली, पाक उभी ऱ्हायली. आणि एकदाचा दोरा सुईत गेला.

तात्यांनी सुई तिच्या हातावर ठिवली. अक्का खाली बसली, घेर उलटा केला, टाका घातला, दोरा दातानं तोडला. मग सुईत उरलेला दोरा वर धरून बघितला. हातभरापेक्षा जास्त.

"तात्या," ती म्हणली, "एका टाक्याला एवढा लांब दोरा घेतलासा? तुमीच म्हणताय न्हवं, कोपरापेक्षा लांब घेऊ नये."

"ऱ्हाऊ दे सुईत," तात्या म्हणाले. "म्होरल्या अंगरख्याला हुईल."

अक्कानं सुई पदराला टोचली आणि पुजेच्या ताटातला आपला नारळ माझ्या हातात दिला, फोड म्हणून.